ठासणीच्या बंदुकीसाठी स्कोप (बंदुकीवर बसवायची दुर्बीण) कोणता घ्यावा? मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. मी ओहायोत राहतो. इथे जानेवारीत हरणांच्या शिकारीसाठी मझलोडरचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ठासणीच्या बंदुकीचा, वेगळा हंगाम असतो. माझी .५० कॅलिबरची इनलाइन आहे, म्हणजे ठिणगी नळीच्या सरळ मागून पडते अशी ठासणीची बंदूक. १०० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) पावडर आणि २५० ग्रेनची गोळी वापरतो. साध्या माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवर) आजवर भागलं, पण आता चाळिशी लागली आहे. संध्याकाळी झाडीच्या कडेला हरीण नेमकं शेवटच्या अर्ध्या तासात बाहेर येतं, तेव्हा माशी दिसतच नाही.

माझं रान दाट आहे, बहुतेक बार ६०-७० यार्डांवरचे. एका बाजूला मक्याचं कापलेलं शेत आहे, तिथे १५० पर्यंत जाऊ शकतं. त्याहून लांबचा बार मी घेणार नाही, जखमी जनावर रानात हरवलेलं मला सहन होत नाही. दुसरी गोळी ठासेपर्यंत ते कुठल्या कुठे जातं.

व्होर्टेक्स क्रॉसफायर २ चा २-७x३२ (२ ते ७ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ३२ मिमीची) की ल्यूपोल्डचा, काचेत मझलोडरसाठी वेगवेगळ्या अंतरांच्या खुणा असलेला ३-९x४०? जवळच्या बारासाठी मला २x बरा वाटतो, पण ३२ ची काच तिन्हीसांजेला पुरेल का? आणि त्या ल्यूपोल्डच्या खुणा माझ्या पावडर-गोळीला प्रत्यक्षात किती जुळतात? डोळा आणि काच यांत चार इंच तरी अंतर हवंच, धक्का जोरात बसतो.

कुणी यातला एखादा दोन-तीन हंगाम वापरला असेल तर जरूर सांगा. थंडीत काच धुरकटते का, तेही.