लॉरेल-हार्डी: खरी गंमत थांबण्यात
भाषा लागत नाही म्हणून लॉरेल-हार्डी ही हॉलिवूडची विनोदी जोडी टिकली, हे मत मला अपुरं वाटतं. बोललेले शब्द तर कुठल्याच मूकपटात नव्हते. खरी करामत संथपणात आहे. १९२९च्या 'बिग बिझनेस' या मूकपटात ही जोडी आणि एक घरमालक यांचं भांडण जुंपतं; एक बाजू मोडतोड करते तेव्हा दुसरी शांतपणे बघत राहते, मग तिची पाळी. सगळे एकदम तुटून पडले असते तर नुसती मारामारी झाली असती.

आणि हार्डीची कॅमेऱ्याकडे टाकलेली ती हताश नजर! बोलपटांत ती लांबते तेवढ्यात प्रेक्षकांचं हसू ओसरतं, पुढचा संवाद बुडत नाही. म्हणूनच एकट्याने पाहताना हे थांबे रेंगाळल्यासारखे वाटतात. चारचौघांत बसून पाहा. 'द म्युझिक बॉक्स'मध्ये (१९३२) पियानो पायऱ्यांवरून घसरणार हे आधीच कळतं, तरी हसू आवरत नाही.