शब्दचर्चा: 'सेव्हिंग्ज रेट'ला मराठीत काय म्हणायचं?

मुग्धा_कोथरूड: मंडळी, अडलेय. गुंतवणुकीवरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय, त्यात एक आलेख आहे, अमेरिका, जपान आणि भारत यांचा पर्सनल सेव्हिंग्ज रेट गेल्या पन्नास वर्षांत कसा वरखाली झाला त्याचा. मी 'वैयक्तिक बचत दर' लिहून मोकळी झाले. काल आईला मसुदा वाचायला दिला (बँकेतून रिटायर झालीये, चुका काढायला एकदम तयार असते) तर एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत ३० टक्क्यांच्या वर हे वाचून म्हणाली, "अगं तीस टक्के व्याज देणारी बँक बुडायच्या बेतातली असणार!" म्हणजे तिने बचत खात्यावरचा व्याजदर असा अर्थ घेतला. तिने घेतला तर बाकीचेही घेणारच. काय लिहू? उद्या द्यायचंय.

सदाशिवपेठी: आईंचं बरोबर आहे. दर म्हणजे भाव. मंडईत मेथीचा दर विचारतात, बँकेत व्याजाचा. इथे तुम्हाला शंभरातले किती हे सांगायचंय, त्याला 'प्रमाण' हा चांगला शब्द आहे. साक्षरतेचं प्रमाण म्हणतो ना आपण? तसं 'बचतीचं प्रमाण'. विषय संपला.

पीएमटीचा_पास: विषय कसला संपला, मग जन्मदर, मृत्युदर, विकासदर यांचं काय करायचं? सगळ्या पेपरांत तेच छापतात आणि जन्मदर वाचून कोणी बाळाचा भाव विचारत नाही.

सदाशिवपेठी: पेपरात छापतात हा युक्तिवाद नव्हे. पेपरात रोज काय काय छापतात!

पीएमटीचा_पास: आणि दरमहा, दरसाल मधला दर फारसी, तो चालतो ना तुम्हाला? की शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तसा तुम्हीही एक काढताय 😄

अपर्णा_मा: दर की प्रमाण हे नंतर बघा, आधी 'वैयक्तिक' काढा. मी अर्थशास्त्र शिकवते म्हणून सांगते. अमेरिकेचा जो आकडा आहे तो कर भरून हातात आलेल्या उत्पन्नापैकी किती टक्के खर्च झाले नाहीत, हा. आपल्याकडे घरगुती बचत बहुतेक वेळा जीडीपीच्या टक्केवारीत सांगतात. आणि आपल्या 'घरगुती'मध्ये फक्त तुम्हीआम्ही नाही, कोपऱ्यावरचा किराणावाला, शेतकरी, कंपनी म्हणून न नोंदलेले सगळे छोटे धंदे येतात. म्हणजे भागाकारातला वरचा आकडा वेगळा, खालचा वेगळा, आणि दोघांना एकच नाव देऊन एका आलेखात शेजारी शेजारी बसवलंय. मुग्धा, भारताची रेघ कशाची आहे ते आधी तपास. २०२२-२३ ला पाच टक्क्यांच्या आसपास दिसत असेल तर ती कर्ज वजा केलेली नुसती आर्थिक बचत आहे, फ्लॅट आणि सोनं त्यात नाही. तो कित्येक दशकांतला नीचांक म्हणून गाजला होता. दोनच वर्षं आधी, करोनात, तोच आकडा अकराच्या वर होता.

मुग्धा_कोथरूड: पाचच आहे 😭 खाली बारीक अक्षरात 'नेट' लिहिलंय. मग 'निव्वळ'? आणि दुसऱ्या पानावर ग्रॉस आहे त्याला 'स्थूल बचत' लिहिलंय मी, सरकारी शब्द तोच आहे ना, स्थूल देशांतर्गत उत्पादन.

पीएमटीचा_पास: स्थूल बचत म्हणजे कमला नेहरू पार्कला सकाळी चालायला येणारी बचत.

सदाशिवपेठी: 'ढोबळ' लिहा.

अपर्णा_मा: ढोबळ म्हणजे अंदाजपंचे वाटतं हो. "ढोबळमानाने" म्हणतो ना आपण.

आजोळ_वाई: मला खरं तर 'बचत' हाच शब्द इथे खटकतो. माझी आजी नारायण पेठेत राहायची, तिची लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती, दर महिन्याला एक पान. वर 'मागील शिल्लक', मग आजोबांचा पगार जमा, मग खर्च, दूध, कोळसा, शाळेची फी, एकेक ओळ, आणि तळाला दोन रेघा मारून 'शिल्लक'. बचत त्या वहीत कधीच नव्हती. बचत म्हणजे पोस्टात भरलेले पाच रुपये आणि ते ती खर्चात धरायची! कारण हातातून गेले ते गेले. आता अपर्णाताई म्हणतायत तो अमेरिकेचा आकडा उत्पन्नातून खर्च वजा जाता उरलेला, म्हणजे आजीच्या भाषेत सरळ शिल्लक. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकन माणूस काही एकदम काटकसरी झाला नव्हता, हॉटेलं दुकानं बंद आणि सरकारचा चेक घरी, पैसे उरले. बाजूला टाकणं वेगळं आणि उरणं वेगळं.

अपर्णा_मा: हे आवडलं. पण शिल्लक म्हणजे साठलेला पैसासुद्धा, खात्यात शिल्लक किती असं विचारतो. इथे वर्षभरात किती उरलं ते हवंय. आणि ही उरण्याची भानगड अजून गमतीची आहे, दोन मोठे आकडे वजा करून येते म्हणून जरा इकडचं तिकडे झालं की बदलते. २००५ ला अमेरिकेचा रेट शून्याच्या खाली गेला म्हणून तेव्हा केवढा गहजब झाला होता, पुढे उत्पन्नाचे आकडे सुधारल्यावर तो शून्याच्या वर आला.

पीएमटीचा_पास: म्हणजे आजीने तळाची रेघ मारली आणि वीस दिवसांनी आजोबांच्या खिशात नोट सापडली.

सदाशिवपेठी: उणे बचतीला काय म्हणाल मग? जपानचं तसं झालं होतं.

अपर्णा_मा: हो, सत्तरच्या दशकाच्या मध्यात जपान वीस टक्क्यांच्या वर होता, आणि २०१३-१४ च्या सुमारास शून्याखाली. म्हातारी माणसं वाढली, ती साठवलेलं काढून खातात.

आजोळ_वाई: 'गंगाजळीला हात घालणे'! शब्द आहे की. गंगाजळी म्हणजे गंगेच्या पाण्याचा गडू, अडीअडचणीशिवाय फोडायचा नाही, त्यावरूनच राखीव पैशाला म्हणायला लागले. आता नुसती परकीय चलनाची उरलीये.

पीएमटीचा_पास: आमच्या घरी 'वाचवणे' आणि 'साठवणे' वेगळं. रिक्षाऐवजी बसने गेलो तर पैसे वाचले. ते डब्यात टाकले तर साठले. बहुतेक वेळा वाचलेल्या पैशांची भेळ व्हायची. बचत यातलं नक्की कुठलं ते मला अजून कळलेलं नाही.

सदाशिवपेठी: बचत मुळात हिंदीतून आलेला दिसतो. आपल्याकडे 'बचणे' कोण म्हणतं? आपण वाचतो.

आजोळ_वाई: बचावतो म्हणतो की! आणि अल्पबचत, बचतगट हे काय हिंदी झाले? कॅम्पात अल्पबचत भवन आहे त्याची पाटी बदलायला जाताय का?

सदाशिवपेठी: पाटी राहू द्या. घरोघरी बायका जे करत होत्या त्याला भिशी म्हणायचे, बचतगट नंतर आला.

पीएमटीचा_पास: भिशी म्हणजे वीस जणींची म्हणून बिशी, बरोबर ना?

सदाशिवपेठी: ही व्हॉट्सॲपी व्युत्पत्ती. आमच्या आळीत बारा जणींची होती, तिला काय बारशी म्हणायचं?

आजोळ_वाई: माझे आजोबा लग्नाआधी गिरगावात असताना "भिशीत जेवायचो" म्हणायचे, भिशी म्हणजे खानावळ. सगळ्यांनी पैसे काढून एकत्र जेवण करायचं. पैशांची भिशी तिथूनच आली असणार असं मला वाटतं.

मुग्धा_कोथरूड: अहो पण मी आलेखावर काय लिहू? सध्या 'उत्पन्नातील बचतीचे प्रमाण' टाकलंय आणि भारताची रेघ काढून वेगळ्या चौकटीत नेलीये. आई म्हणते प्रमाण म्हणजे काय, लग्नाचं प्रमाणपत्र?

पीएमटीचा_पास: आईंना विचारा, भिशी म्हणजे खानावळ हे त्यांनी ऐकलंय का?

मुग्धा_कोथरूड: विचारलं. म्हणतेय खानावळीचं माहीत नाही, पण १९८६ च्या भिशीतले एका बाईकडे अजून दोनशे रुपये येणं आहे.

सदाशिवपेठी: 'येणं आहे'! बघा, केवढा सुंदर शब्दप्रयोग.