रि: रि: फ्रॅकिंगबंदीचं पत्र – लेटरहेड कुणाकडे आहे?

प्रेषक: सचिव
मंडळी, आमदारांना पत्र शुक्रवारी जायचंय. मसुदा कालच टाकलाय, परत टाकत नाही. लेटरहेडच्या माझ्याकडच्या फाईलमध्ये अजून मागच्या कार्यकारिणीची नावं आहेत. नवी कुणाकडे आहे? मागणी एकच आहे: डेलावेअर नदीच्या खोऱ्यात २०२१ पासून फ्रॅकिंगवर (दाबाच्या पाण्याने जमिनीखालचा खडक फोडून गॅस काढण्यावर) जी बंदी आहे, ती सस्क्वेहॅना नदीच्या खोऱ्यासकट अख्ख्या पेनसिल्व्हेनियात आणा.

प्रेषक: खजिनदार
नवी माझ्याकडे आहे आणि ठरावाशिवाय मिळणार नाही. आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली सेवाभावी संस्था आहोत, आपल्याला राजकारण चालत नाही. आयआरएसची (केंद्रीय कर खात्याची) नोटीस आली तर उत्तरं मला द्यावी लागतात, सचिवांना नाही.

प्रेषक: माजी अध्यक्ष
खजिनदारसाहेब, गल्लत होतेय. उमेदवाराचा प्रचार पूर्ण बंद. कायदा करा असं आमदाराला सांगणं मर्यादेत चालतं. आयआरएसकडे फॉर्म ५७६८ भरला की ती मर्यादा आकड्यात ठरते, पहिल्या ५ लाख डॉलर खर्चाच्या २० टक्के. आपलं बजेट बघता एका पत्राचं टपाल त्यात बसेल! हा फॉर्म भरा असं मी अध्यक्ष असतानाच सांगितलं होतं. असो.

प्रेषक: उत्तरेकडच्या ताई
टपालाचं राहू द्या हो काका. आमच्याकडे नगरपालिकेचं पाणी नाही, अंगणातली विहीर आहे. गॅससाठी ड्रिलिंग सुरू व्हायच्या आधी आम्ही पाणी तपासून घेतलं नाही, ही चूक आमचीच. पुढे पाणी गढूळ यायला लागलं तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला, आधीपासूनच असेल. आता आधीचा रिपोर्ट कुठून आणू? गॅसच्या विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, काम झाल्यापासून १२ महिन्यांत पाणी बिघडलं तर कायदा कंपनीलाच जबाबदार धरून चालतो. आमचं घर त्या रेषेच्या जरासं बाहेर. शिवाय खासगी विहिरींच्या पाण्यावर राज्याची देखरेखच नाही. मसुद्यात नुसतं ‘पिण्याचं पाणी’ आहे, तिथे ‘खासगी विहिरी’ घाला.

प्रेषक: माजी अध्यक्ष
विहीर नव्हे, बोअर. विहिरीत उतरता येतं.

प्रेषक: एक सभासद
मी सही करणार नाही, स्पष्ट सांगतो. आमच्या शेजाऱ्याच्या गाईगुरांवर घर चालेना, तेव्हा जमिनीखालच्या गॅसबद्दल कंपनीकडून मिळणाऱ्या रॉयल्टीमुळे जमीन वाचली. न्यूयॉर्कने डिसेंबर २०१४ ला बंदी जाहीर केली, तेव्हा हद्दीपलीकडच्या शेतकऱ्यांचे गॅस कंपन्यांशी झालेले भाडेपट्टे कागदावरच राहिले. ‘ग्रामीण भागाला आधार द्या’ असं शेवटच्या ओळीत लिहिलंय. कसला आधार, कोण देणार? शहरात बसून लिहायला सोपं आहे.

प्रेषक: उत्तरेकडच्या ताई
मी शहरात बसलेली नाही. रॉयल्टी कमीत कमी एक अष्टमांश, बरोबर. पण वायू साफ करायचा, वाहून न्यायचा खर्च त्यातून कापायला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुभा दिली आहे. शेजाऱ्यांना चेकसोबतचा कागद दाखवायला सांगा.

प्रेषक: एक सभासद
दाखवला होता. कापतात. तरीही काहीच नसण्यापेक्षा बरं, असं तो म्हणतो.

प्रेषक: सचिव
मग शेवटची ओळ अशी करू का: गॅसच्या विहिरी बंद करायच्या आणि जमीन पूर्ववत करायच्या कामात तिथल्याच लोकांना आधी घ्या. आणि पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेच्या पहिल्या प्रकरणातलं कलम २७ पत्राच्या सुरुवातीला घेते. शुद्ध पाण्याचा हक्क १९७१ पासून तिथे लिहिलेलाच आहे, आमदारांना आठवण करून देऊ.

प्रेषक: खजिनदार
कलम घाला नाहीतर काढा, लेटरहेड नाही. ‘खालील सह्या करणारे रहिवासी’ असं लिहून साध्या कागदावर पाठवा, मी स्वतः सही करतो. फॉर्म ५७६८ पुढच्या बैठकीत बघू.

प्रेषक: सचिव
चालेल. सहीसोबत घरचा पत्ता लिहा, कुणाचा आमदार कोण ते त्यावरून कळेल. आत्तापर्यंत सह्या चार. माजी अध्यक्षांनी नावापुढचं ‘माजी अध्यक्ष’ कृपया काढावं.