देव सिद्ध करता येतो का? आरवलीच्या चपला आणि रिकामे जाळे

माडाखालचा (धागाकर्ता):

वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला नवस फेडताना चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री त्या घालून गावाची राखण करीत फिरतो आणि म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. गेल्या महिन्यात दर्शनाला गेलो असता आईने एका जोडाकडे बोट दाखवून 'टाच बघ कशी झिजली ती' असे म्हटले, आणि अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या भाच्याने तिथल्या तिथे 'एक रात्र कॅमेरा लावा, सोक्षमोक्ष लागेल' असे सुनावले. घरी पोहोचेपर्यंत दोघांचे तेच चालले होते.

मला दोघांचेही पटले नाही. कॅमेऱ्यात कोणी आले नाही, तर देव कॅमेऱ्यात येत नाही असे आई म्हणेल. कोणी आलेच, तर तो माणूसच होता असे भाचा म्हणेल. आपल्याकडच्या दार्शनिकांनी याचा विचार 'योग्यानुपलब्धी' या नावाने फार बारकाईने केलेला आहे. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून ती नाही असे ठरवता येते. टोपलीत बांगडा नाही हे टोपलीत डोकावून सांगता येते. परंतु जाळे रिकामे आले म्हणून खाडीत मासाच नाही, असे कोणताही मच्छीमार म्हणणार नाही. ईश्वर इंद्रियांना गोचर नाही असे एकदा मानले, की त्याचे न दिसणे हा त्याच्याविरुद्धचा पुरावा राहत नाही, आणि त्याच न्यायाने झिजलेली टाच हा त्याच्या बाजूचा पुरावाही होत नाही. म्हणून ईश्वराची सिद्धीही अशक्य आणि खंडनही अशक्य, असे माझे मत आहे.

सडा:

मत सोयीचे आहे, पण आपणच दिलेला दाखला आपण अर्ध्यावर सोडला आहे. जाळे एकदा रिकामे आले तर खाडीला दोष देऊ नये, हे मान्य. मात्र वर्षानुवर्षे, भरतीला आणि ओहोटीला, बारीक आणि मोठ्या आसाची जाळी ओढूनही हाती काहीच लागत नसेल, तर त्या खाडीत पुन्हा होडी घालणारा मनुष्य डिझेलच्या उधारीत बुडतो. व्यवहारात 'नाही' असे आपण याच अर्थाने म्हणतो. देवाच्या बाबतीतच गणितासारखी सिद्धता का मागायची?

चपलांबाबत तर कॅमेराही नको. वाहिल्या दिवशी एका जोडाचे वजन करावे, तसाच दुसरा जोड कुलपात ठेवावा आणि वर्षाने दोन्ही तोलावेत. आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलेलाही बुरशी खाते.

शिवाय काही देव केवळ विचारानेही खोडता येतात. चौकोनी वर्तुळ नाही हे सांगायला जग धुंडाळावे लागत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पिढ्यांनी जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. वादळ थांबवू शकणारा आणि थांबवू इच्छिणारा देव असता, तर हे घडले नसते. यात माणसाच्या पापबुद्धीचा किंवा इच्छास्वातंत्र्याचा काही संबंध नव्हता.

घटाकाश:

हा आक्षेप जुना आहे आणि त्याचे उत्तरही जुनेच आहे. 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्' असे ब्रह्मसूत्र सांगते: ईश्वर जीवांच्या कर्माच्या अपेक्षेने फळ देतो, म्हणून पक्षपाताचा व निर्दयतेचा दोष त्याच्याकडे जात नाही. आपणास कर्मसिद्धान्त पटत नसेल, तर तो वाद वेगळा. परंतु विसंगती दाखवली असे म्हणता येणार नाही.

धागाकर्त्यांनी तर सिद्धीची बाजू न लढताच सोडून दिली. दहाव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या उदयनाचार्य या नैयायिकांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात केलेले अनुमान असे आहे: जे कार्य असते त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार, पृथ्वी, अंकुर इत्यादी कार्ये आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता आहे. दृश्यावरून अदृश्याकडे जाण्याची ही रीत विज्ञानाचीही आहे. 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली, तीवरून हेलियम हे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले, आणि ते पृथ्वीवर हाती लागले थेट 1895 मध्ये. विजयदुर्ग किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' नावाचे दगडी ओटे त्याच शोधाची आठवण सांगतात. मधली सत्तावीस वर्षे हेलियम असिद्ध होता काय?

दुर्बीण:

आधी कट्ट्यांविषयी. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे मीही शाळेत असताना ऐकले आणि पाहुण्यांना अभिमानाने सांगत आलो. वस्तुतः 18 ऑगस्टच्या त्या ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरहून करीत होते, आणि लॉकियर यांचे निरीक्षण ऑक्टोबरातले, इंग्लंडमधून, ग्रहणाविना केलेले आहे. ऐकीव गोष्ट दगडी कट्ट्याच्या आधाराने किती भक्कम वाटू लागते, हे शब्दप्रमाणाची, म्हणजे वचन हाच पुरावा मानण्याची, बाजू घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता अनुमान. पुढच्याच वर्षी, 1869 च्या ग्रहणात, सूर्याच्या प्रभामंडळात (करोनात) एक हिरवी रेषा दिसली. तिच्यासाठीही 'करोनियम' हे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. सुमारे सत्तर वर्षांनी कळले की ती रेषा अतितप्त, निम्मे इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. अनुमानाची रीत तीच; एकदा खरी निघाली, एकदा खोटी. फरक पडला तो नंतरच्या पडताळ्याने, आणि उदयनाचार्यांच्या कर्त्याचा तसा पडताळा कोणता, हे घटाकाश यांनी सांगितलेले नाही. घटाच्या दृष्टान्तातून कर्ता आणायचा, तर देहधारी कर्ता आणावा लागेल, कारण आपण पाहिलेले सारे कुंभार देहधारी आहेत. देह नसलेल्याला सृष्टीची इच्छा कशी होईल, हा प्रश्न कुमारिल भट्टांनी विचारला होता, आणि ते वेद मानणारे होते. सांख्यसूत्रांत तर 'ईश्वरासिद्धेः', म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून, असे स्पष्टच म्हटले आहे.

गुरवाच्या घरातला:

आपणा सर्वांची विद्वत्ता मान्य करूनही एक सांगतो. माझे वडील देवळात कळे लावीत असत. पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या फुलांच्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे, आणि उजवी कळी आधी पडली तर होकार. एकदा बांधावरून भांडणारे दोन भाऊ आले होते. तासभर एकही कळी हलली नाही, आणि कंटाळून दोघांनी सभामंडपातच तडजोड केली. देव आहे की नाही, हे पाहायला त्या दगडासमोर कोणी बसत नाही. पुढे काय करायचे, हे ठरवायला बसतात.

सडा:

समजा, कळी पडली असती. डाव्या कौलाने ज्याचा बांध गेला असता, त्याला 'हा देवाचा शब्द आहे' असेच सांगितले गेले असते ना? मग तो शब्द देवाचा आहे की फुलाच्या देठातील पाण्याचा, हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. शेकडो कौलांची नोंद ठेवली, तर उजवे किती आणि डावे किती, ते निकाल पुढे कितपत खरे ठरले, हे सहज तपासता येईल.

माडाखालचा:

सडा यांचे एवढे मान्य करतो की 'सिद्धही नाही, खंडनही नाही' हे मी सरसकट म्हणायला नको होते. निर्गुण, निराकार ब्रह्माविषयी ते अजूनही म्हणेन. परंतु चपला झिजवणारा आणि कौल देणारा देव खाडीतला मासा नव्हे, तो टोपलीतलाच म्हणावा लागेल, आणि टोपलीत डोकावता येते. दुर्बीण यांच्या करोनियमला मात्र माझ्याजवळ उत्तर नाही. घटाकाश यांनी द्यावे.

ही सारी चर्चा काल आईला वाचून दाखवली. वजनकाट्याची कल्पना तिला मुळीच खटकली नाही. ती एवढेच म्हणाली, 'लावा काटो, लावा कॅमेरो, पण आधी देवाक कौल लावन इचारा.'