लॉगलेव्हल: इन्फो दिसत नाही, आणि एका काउंटरवर डीबग बंदच होत नाही

रामबाग_जेएस
इंदूरच्या सियागंजमधल्या किराणा ठोक दुकानांसाठी रिअ‍ॅक्टमध्ये बिलिंगचं वेब अ‍ॅप आहे. कोडभर पसरलेले कन्सोल.लॉग काढून लॉगलेव्हल (ओळी किती महत्त्वाच्या त्या पातळीनुसार कन्सोलवर दाखवणारी वा लपवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) बसवतोय. तीन ठिकाणी अडलंय.
१) लॉग.इन्फो() लिहिलं तरी कन्सोलवर काहीच उमटत नाही. एरर मात्र दिसतात.
२) एका दुकानाच्या काउंटरवर तपासणीसाठी सेटलेव्हल('डीबग') केलं होतं. नव्या बिल्डमध्ये सेटडिफॉल्टलेव्हल('वॉर्न') आहे, तरी त्या मशीनवर डीबगच्या ओळी चालूच.
३) प्रत्येक ओळीआधी वेळ यावी म्हणून स्वतःचं फंक्शन गुंडाळलं, तर उजवीकडे सगळ्या ओळींना लॉगर.जेएस:१२ असंच दिसतं. मूळ फाइल कळत नाही.

मल्हारगंज_फ्रंटएंड
पहिलं सोपं आहे. लॉगलेव्हलची मूळ लेव्हल वॉर्न असते, म्हणून तिच्या खालच्या ट्रेस, डीबग, इन्फो गप्प राहतात. डेव्हलपमेंटमध्ये सेटडिफॉल्टलेव्हल('डीबग') द्या.

दुसऱ्याचं कारण लोकलस्टोरेज. सेटलेव्हल() दिलेली लेव्हल ब्राउझरमध्ये जपून ठेवतं, आणि सेटडिफॉल्टलेव्हल() जपलेलं काही नसेल तरच लागू होतं. त्या काउंटरवर डेव्हटूल्समध्ये (एफ१२ दाबून उघडणारी ब्राउझरची तपासणीची खिडकी) अ‍ॅप्लिकेशन टॅब, मग लोकल स्टोरेज उघडा. 'लॉगलेव्हल' या कीसमोर डीबग दिसेल. ती की उडवा आणि पेज रिफ्रेश करा, किंवा लॉग.रिसेटलेव्हल() चालवा. कन्सोलमधून चालवायचं तर आधी कोडमध्ये विंडो.लॉग = लॉग ठेवावं लागेल, कारण मॉड्यूलमधला लॉग बाहेर दिसत नाही.

घाईत बिल्डमध्येच सेटलेव्हल('वॉर्न') घालू नका. मग दर रिफ्रेशला तुमचं डीबग पुसलं जाईल आणि दुकानावर बसून तपासणं अशक्य होईल. कोडमध्ये सेटडिफॉल्टलेव्हल, हाताने बदलायला सेटलेव्हल, ही वाटणी पक्की ठेवा. तेवढ्यापुरतंच हवं असेल तर दुसरा आर्ग्युमेंट फॉल्स द्या, म्हणजे काही जपलं जात नाही.

पलासिया_नोड
तिसऱ्याबद्दल. लॉगलेव्हल कन्सोलची मूळ मेथडच बाइंड करून हातात देतं, म्हणून ओळ क्रमांक खरा दिसतो. तुम्ही मध्ये फंक्शन घातलं की कन्सोलला हाक मारणारी ओळ तुमच्या फंक्शनची होते. फक्त ठरलेला शब्द आधी हवा असेल, समजा 'प्रिंट', तर मेथडफॅक्टरीमध्ये (लॉगच्या मेथड बनवणारं लॉगलेव्हलचं फंक्शन) मूळ मेथड.बाइंड(नल, 'प्रिंट') परत द्या. क्रमांक शाबूत राहतो. त्यानंतर लॉग.रिबिल्ड() म्हणायला विसरू नका, नाहीतर जुन्याच मेथड चालत राहतात. रिबिल्ड १.९ पासून आहे.

वेळ मात्र बाइंडमध्ये घालू नका. बाइंड करताना जी वेळ होती तीच प्रत्येक ओळीवर छापली जाईल. क्रोमच्या डेव्हटूल्स सेटिंग्जमध्ये कन्सोलखाली टाइमस्टॅम्प दाखवायची खूण आहे. पडद्यावर बघायला तेवढं पुरतं.

बिल, प्रिंट, स्टॉक यांना गेटलॉगर('प्रिंट') असे वेगळे लॉगर द्या. बिलाचा प्रिंट अडकला की तेवढाच डीबगवर टाकता येतो, बाकी पडदा स्वच्छ.

तोपखाना_देव
सर्वात मोठी चूक वेगळीच होते, म्हणून लिहितो. लॉग.डीबग(जेसन.स्ट्रिंगिफाय(बिल)) लिहिलं की वॉर्न लेव्हलवरही स्ट्रिंगिफाय (ऑब्जेक्टचा मजकूर बनवणं) चालतं, लेव्हल फक्त छापणं थांबवते, आर्ग्युमेंट आधीच मोजला गेलेला असतो. हजार ओळींच्या स्टॉक यादीवर दर की दाबताना हे होत असेल तर जुन्या मशीनवर टायपिंग अडखळतं. नुसता ऑब्जेक्ट द्या, किंवा आधी गेटलेव्हल() <= लेव्हल्स.डीबग तपासा. नुसता ऑब्जेक्ट दिलात तर कन्सोलमध्ये तो उलगडताना त्या क्षणाची अवस्था दिसते, छापतानाची नव्हे. मधे बिल बदललं असेल तर आकडे फसवतात. तिथे हवे तेवढेच आकडे सुटे छापा.

ग्राहकाचा मोबाइल नंबर कुठल्याच लेव्हलवर छापू नका. काउंटरवर कोणीही एफ१२ दाबू शकतो. बिल क्रमांक पुरतो.

रामबाग_जेएस
काउंटरवर की डीबगच होती, उडवली, थांबलं. एरर सर्व्हरकडे पाठवायचे तर मेथडफॅक्टरीतच फेच (सर्व्हरला विनंती पाठवणारं फंक्शन) करू का?

मल्हारगंज_फ्रंटएंड
करा, पण फेच फसल्यावर त्याच्या कॅचमध्ये लॉग.एरर() नको. नेट गेलं की एरर पाठवायला फेच, तो फसला म्हणून पुन्हा एरर, असं चक्र थांबत नाही. तिथे थेट कन्सोल.एरर वापरा. न गेलेल्या शेवटच्या पन्नासेक ओळी अ‍ॅरेत ठेवा, आणि 'ऑनलाइन' इव्हेंट आला की एकत्र पाठवा.