मदत हवी आहे: टेक्सासमध्ये होम केअर एजन्सी काढायची आहे, पहिले पगार कुठून द्यायचे?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लावते आहे, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही.

मी ह्यूस्टनजवळ राहते, ग्रीन कार्ड आहे. दोन वर्षं अटेंडंट म्हणून घरोघरी काम केलं, मग तीन वर्षं एका एजन्सीत शिफ्ट लावायचं काम. ती नोकरी दिवाळीच्या सुमारास सोडली. आता स्वतःची एजन्सी काढायची आहे. नर्सिंगची नाही. अंघोळ घालणं, कपडे घालणं, भरवणं, पलंगावरून खुर्चीत बसवणं, संडासला नेणं, घर आवरणं, अशी कामं. क्लायंट मुख्यतः मेडिकेडचे (कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे) हवेत. खासगी पैसे भरणाऱ्यांना एजन्सी सापडतेच. मेडिकेडवाल्या म्हाताऱ्या माणसांकडे कोणी टिकत नाही, हे मी तीन वर्षं रोज फोनवर ऐकलं आहे.

नोकरी का सोडली तेही सांगते. आमच्या एक क्लायंट होत्या, 81 वर्षांच्या. पक्षाघातामुळे उजवी बाजू गेलेली. एका शुक्रवारी सकाळी सातची शिफ्ट होती आणि साडेसातला अटेंडंटचा फोन आला. पगाराचा चेक परत गेला होता आणि गाडीत पेट्रोल टाकायलाही पैसे नव्हते. बदली माणूस मिळेना, म्हणून अकराच्या सुमारास मीच गेले. आजी पलंगाच्या कडेला बसलेल्या होत्या. डावा हात गाऊनच्या बाहीत घातलेला, उजवा बाहेर लोंबत होता आणि चादर ओली होती. चार तास त्या तशाच बसल्या होत्या, आणि माझीच माफी मागायला लागल्या. त्या अटेंडंटला मी दोष देऊ शकले नाही. तिचे पगार तीन महिन्यांत दुसऱ्यांदा अडकले होते.

म्हणून माझी मुख्य अडचण पैशांची आहे. लायसन्सची माहिती मी काढली आहे. इथे राज्याच्या एचएचएससीकडून, म्हणजे आरोग्य खात्याकडून, एजन्सीचं लायसन्स घ्यावं लागतं, आमच्यासाठी त्यातला ‘पर्सनल असिस्टन्स सर्व्हिसेस’ हा प्रकार. अर्ज ‘ट्यूलिप’ पोर्टलवर करायचा. फी 2,625 डॉलर, लायसन्स तीन वर्षांचं. ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे एजन्सीचा रोजचा कारभार बघणारी, मी होणार. नेमणुकीआधीचं आठ तासांचं प्रशिक्षण झालं आहे, उरलेलं सोळा तासांचं पहिल्या वर्षात करायचं.

आता प्रश्न:

लायसन्स हातात आल्यावर राज्याची तपासणी व्हायला निदान एक क्लायंट चालू असावा लागतो. पण लायसन्सशिवाय मेडिकेडचा करार होत नाही, आणि करार होईपर्यंत मेडिकेडचा क्लायंट मिळत नाही. तुम्ही पहिला क्लायंट कुठून आणलात?

क्लेमचे, म्हणजे मेडिकेडला पाठवलेल्या बिलांचे, पैसे हातात येईपर्यंत पगार किती आठवडे खिशातून द्यावे लागले? आमची शिल्लक 22,000 डॉलर आहे. घर गहाण टाकायचं नाही, असं यजमानांशी ठरलं आहे.

आणि माझे यजमान आयटीत आहेत, ते ऑल्टरनेट ॲडमिनिस्ट्रेटर (मी नसताना माझ्या जागी काम बघणारे) होऊ शकतील का?

ह्यूस्टनकर

ताई, मी सात वर्षं डॅलसकडे हाच व्यवसाय करतो आहे. (ह्यूस्टनकर हे इथलं नाव जुनं आहे, डॅलसला गेल्यावर बदललं नाही.)

आधी सोपं उत्तर. यजमान आत्ता तरी नाही. आपल्या प्रकारात ऑल्टरनेटलाही हायस्कूल डिप्लोमा आणि शारीरिक अडचण असलेल्या माणसांची देखभाल करण्याचा निदान वर्षभराचा अनुभव किंवा प्रशिक्षण लागतं. तुमच्याबरोबर काम केलेली एखादी जुनी, विश्वासू अटेंडंट बघा.

पहिला क्लायंट खासगीच घ्या. आठवड्याला सहा तासांचा असला तरी चालतो. मी एका निवृत्त शिक्षकांपासून सुरुवात केली, सोमवार-गुरुवार अंघोळ आणि स्वयंपाक. फाइल मात्र पन्नास क्लायंट असल्यासारखी चोख ठेवा. तपासणीला आलेल्या बाईंनी माझ्याकडे सगळ्यात आधी अटेंडंटची फाइल मागितली. गुन्हेगारी नोंदीची तपासणी, गैरवर्तन नोंदवहीची तपासणी, नर्स एड नोंदवहीची तपासणी, तिन्ही कामावर घेण्याच्या तारखेआधीच्या आहेत का, हे त्यांनी बोट ठेवून पाहिलं. लायसन्स मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तपासणीसाठी तयार असल्याचं कळवावं लागतं, तेव्हा त्या खासगी क्लायंटशी बोलणं आत्ताच सुरू करा.

मग टीएमएचपीकडे (राज्याच्या मेडिकेडची नोंदणी आणि क्लेम बघणारी संस्था) मेडिकेडची नोंदणी, आणि त्यानंतर स्टार प्लस, म्हणजे वृद्ध आणि अपंगांसाठीची मेडिकेड योजना, चालवणाऱ्या विमा कंपन्यांशी वेगवेगळे करार. सुपीरियर, मोलिना, युनायटेड, प्रत्येकीचा अर्ज निराळा. यात महिने जातात. त्या काळात ऑफिसचं भाडं चालू ठेवू नका असं सांगावंसं वाटतं, पण लायसन्ससाठी ऑफिसचा पत्ता लागतोच. छोटी खोली घ्या.

पैशांचा हिशेब मांडून बघा. मेडिकेडच्या अटेंडंटचं किमान वेतन सप्टेंबर 2023 मध्ये तासाला 8.11 वरून 10.60 डॉलर झालं आणि सप्टेंबर 2025 पासून 13 डॉलर. दहा क्लायंट, प्रत्येकी आठवड्याला वीस तास, म्हणजे 200 तास. पगार 2,600, त्यावर तुमच्या वाट्याचा सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) यांचा 7.65 टक्के कर. आठवड्याला 2,800 च्या आसपास. बिनचूक क्लेमचे पैसे तीस दिवसांत येतात हे खरं, पण पहिले क्लेम बिनचूक जात नाहीत. माझे आठ आठवडे अडकले होते. आठ आठवडे म्हणजे 22,400. तुमची शिल्लक तिथेच संपते, भाडं आणि इन्शुरन्स वेगळा.

म्हणून दहा क्लायंट एकदम घेऊ नका. तीन घ्या. त्यांचे पैसे सुरळीत यायला लागले की चौथा. विमा कंपनीचा माणूस फोन करून ‘आणखी पाच घेता का’ विचारेल, तेव्हा नाही म्हणणं जड जातं. म्हणा.

पानगळ

क्लेम कशाने अडकतात ते मी सांगते, बिलिंग मीच बघते. नव्वद टक्के वेळा ईव्हीव्ही, म्हणजे भेटीची इलेक्ट्रॉनिक नोंद. अटेंडंटने घरी पोचल्यावर आणि निघताना मोबाइलवर किंवा क्लायंटच्या घरच्या फोनवरून नोंद करायची असते: कोणी, कोणाला, कोणती सेवा, कुठे, कोणत्या तारखेला, किती ते किती. 2016 च्या केंद्राच्या कायद्याने हे सगळीकडे आलं. नोंद आणि क्लेम जुळले नाहीत तर क्लेम परत. आमच्या एका बाई निघताना नोंद करायला हमखास विसरायच्या, कारण क्लायंट दारापर्यंत बोलत यायच्या. मग आम्ही दाराच्या आतल्या बाजूला मोठा पिवळा कागद चिकटवला. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या नोंदी तपासा, आठवड्याने नको. क्लेम पाठवायची मुदत 95 दिवसांची आहे. बराच वेळ आहे असं वाटतं आणि तिथेच ढिलाई होते.

आणखी एक, जुन्या एजन्सीच्या क्लायंटना फोन करू नका. भेटवस्तू, गिफ्ट कार्ड, क्लायंट आणून दिल्याबद्दल कोणाला पैसे, यातलं काहीही मेडिकेडमध्ये गुन्हा ठरू शकतं.

मोगरा७

मध्येच विचारते, माफ करा. सासूबाई मागच्या वर्षी ग्रीन कार्डावर आल्या आहेत. त्यांना मेडिकेडमधून अटेंडंट मिळेल का?

ह्यूस्टनकर

मोगरा, 1996 च्या केंद्राच्या कायद्यानुसार ग्रीन कार्डवाल्यांना साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं, आणि टेक्सासचे नियम त्याहून कडक आहेत. मेडिकेअर अशी रोजची दीर्घकाळची देखभाल देतच नाही. खासगी धरून चाला.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दहा क्लायंटचा आकडा मी कागदावर लिहून ठेवला होता, तो खोडला. तीन.

पानगळताई, त्या आजींनी मला दोनदा फोन करून विचारलं आहे, तुझी एजन्सी कधी सुरू होते म्हणून. मी त्यांना काय उत्तर द्यावं?

पानगळ

फोन त्यांनी केला आहे, तुम्ही नाही. एजन्सी निवडायचा हक्क त्यांचाच आहे. तरी आधीच्या नोकरीत काही करारावर सही केली असेल तर तो वकिलाला दाखवा. विमा कंपनीशी तुमचा करार झाला की एजन्सी सुरू झाल्याचं सांगा, बाकी त्यांनी स्वतः विमा कंपनीच्या सर्व्हिस कोऑर्डिनेटरला (त्यांच्या सेवेची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला) कळवायचं. तुम्ही त्यांच्या वतीने फोन करू नका.

धागाकर्ती

सही केली होती. कागद शोधते.

यजमानांशी काल रात्री बोलणं झालं. 22,000 पैकी 12,000 फक्त पगारांसाठी वेगळ्या खात्यात ठेवायचे, भाडंसुद्धा त्यातून द्यायचं नाही. तीन क्लायंट, साठ तास, आठवड्याला 840. म्हणजे चौदा आठवडे एकही क्लेम आला नाही तरी पगार शुक्रवारी होतील.

ह्यूस्टनकर, पॉलिसी मॅन्युअल मी विकतचं घेतलं नाही, स्वतः लिहिते आहे. अटेंडंट आली नाही तर किती वाजता कोणाला फोन जाईल आणि कोण निघेल, ते प्रकरण आधी लिहिलं. अडीच पानं झाली आहेत. पाठवू का, वाचाल?