पीएफ काढताना पेन्शनचं काय होतं?

वर एकांनी सुचवलंय की नोकरी बदलली की पीएफ काढून गाडीचं डाउनपेमेंट भरावं. असं करू नका हो! कंपनी पीएफसाठी पगाराच्या १२ टक्के भरते, त्यातले ८.३३ टक्के ईपीएसमध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत, जातात (१५,००० पगाराच्या मर्यादेवर महिना १,२५० रुपये) आणि मासिक पेन्शनला किमान १० वर्षं सेवा लागते. ईपीएसचेही पैसे काढलेत की ती मोजणी पुन्हा शून्यापासून. शिवाय सलग ५ वर्षं नोकरी व्हायच्या आत पीएफ काढला तर करही लागू शकतो. यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफ क्रमांक) तोच ठेवून जुनं खातं ट्रान्सफर करा. फक्त पीएफच्या वेबसाइटवरच्या सर्व्हिस हिस्टरीत जुनी नोकरी सोडल्याची तारीख चढलीय का ते बघा, घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं. पेन्शन काही भरघोस नसते, पण ५८ नंतर तहहयात येते आणि आपल्यामागे जोडीदारालाही मिळते.